परड्यातला गोठा : आधी उतार, मग जोते



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी म्हण आपल्याकडे आहे. गोठ्याविषयी अशी म्हण नाही. कारण गोठा बांधताना आपण फारसा विचारच करीत नाही. घराचा नकाशा काढतो, मुहूर्त पाहतो, दार कोणत्या अंगाला ठेवावे हे चार जाणत्यांना विचारतो. गोठ्याचे काम मात्र उसाचे बिल हाती आले की गवंड्याला बोलावून, ‘एवढ्या जागेत एवढं बसव’ या एका वाक्यावर सुरू होते. आज मी बोलणार आहे तो परड्यातल्या अशाच एका लहान गोठ्याविषयी. एक म्हैस, एक रेडकू, एका कोपऱ्यात वैरण आणि भिंतीला टेकवलेली चार अवजारे, एवढाच त्याचा संसार. त्यातही मला भिंतींविषयी आणि पत्र्याविषयी फारसे सांगायचे नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते. मला सांगायचे आहे ते गोठ्यात जाण्याच्या वाटेविषयी, म्हणजे पायरीविषयी आणि उताराविषयी. मी ही वाट एकदा चुकलो, म्हणून हे बोलायला उभा राहिलो आहे.

आमचे गाव पंचगंगेच्या काठचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमच्या परड्यात कमरेइतके पाणी होते. पूर ओसरल्यावर जुना मातीचा गोठा बसला. पुढे दीडेक वर्षाने हाताशी पैसे जमले, तेव्हा मी ठरवले की आता गोठा बांधायचा तो चांगल्या अडीच फूट उंच जोत्यावर. जोते झाले, भिंती झाल्या, पत्रा चढला. मग शेवटी गवंड्याने विचारले, ‘मास्तर, वर चढायचं काय करायचं?’ बघा, प्रश्न केव्हा आला तो! माणसांसाठी त्याने दहा-दहा इंचांच्या तीन पायऱ्या केल्या, आणि म्हशीसाठी शेजारी आठ फूट लांबीचा घोटीव सिमेंटचा उतार. मला तो जरा उभा वाटला. पण गवंडी म्हणाला, ‘जनावराला एवढा बास झाला. माणसं काय, पायरीनं जातील की!’ मलाही ते पटले.

पुढच्याच जुलैमध्ये, २०२१ साली, पुन्हा पूर आला. रात्री पाऊस कोसळत होता आणि म्हशीला बाहेर काढायचे होते. ओला, गुळगुळीत उतार पाहून म्हैस दारातच अडून उभी राहिली. ओढली तेव्हा पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर आली. कशीबशी उतरवली आणि उंचावरच्या पाहुण्यांकडे नेली. दुसऱ्या दिवशी त्या अडीच फूट जोत्यावर हातभर पाणी होते, हेही सांगून टाकतो.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या आबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय गेला आणि घरात चाकाची खुर्ची आली. आबांनी सारा जन्म म्हशींत काढलेला. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात हे तुम्हाला माहीतच आहे. शिंगे रंगवायची, गळ्यात घुंगरांचा पट्टा, पाठीवर नक्षी, आणि मग वाजतगाजत फिरवायची. आमच्या घरी हे काम आबांचे. त्या पाडव्याला मी शिंगे रंगवीत होतो आणि आबा परड्याच्या दारात खुर्चीवर बसून पाहत होते. गोठा त्यांच्यापासून पंधरा पावलांवर होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘म्हशीला वर चढवलंस, आन् मला खाली ठेवलंस व्हय रं?’

मंडळी, त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जोते मी पाण्याला अडवण्यासाठी बांधले होते. त्याने पाणी अडले नाही. आबा मात्र अडले.

मग मी शिकायला निघालो. उताराचे माप काय असावे, हे काही गूढ नाही. आपल्या देशात आणि परदेशातही सार्वजनिक इमारतींसाठी जे माप धरतात ते असे : एक फूट चढायचे असेल तर उतार बारा फूट लांब हवा. म्हणजे एका इंचाला एक फूट. हे एवढे एकच वाक्य आजच्या भाषणातून लक्षात ठेवले तरी पुरे आहे. जोते सहा इंच असेल तर उतार सहा फूट, दीड फूट असेल तर अठरा फूट, आणि माझ्यासारखे अडीच फूट असेल तर तीस फूट. गवंड्याने केला होता तो आठ!

या बारा पटीचे कारण साधे आहे. माणूस आणि खुर्ची मिळून ८० किलो वजन धरा. बारा फुटांना एक फूट अशा उतारावर ते वर ढकलायला साधारण साडेसहा-सात किलोंचा जोर लागतो. माझ्या आठ फुटी उतारावर तोच जोर सुमारे २४ किलो होतो. पहिला जोर घरातली सून किंवा दहा-बारा वर्षांचे पोर लावू शकते. दुसरा लावताना धडधाकट गड्याचाही हात सुटेल, आणि सुटला तर खुर्ची माणसासकट खाली येईल. उतरताना धोका आणखी मोठा, कारण तेव्हा तेच वजन आवरून धरायचे असते.

आता कोणी म्हणेल, ‘आमच्या घरी खुर्ची नाही, आम्हाला हे कशाला?’ खुर्ची नसेल. पण शेणाची ढकलगाडी असेल, पेंडीचे पोते असेल, दुधाचा कॅन असेल. गुडघे धरलेली आजी असेल, दिवस गेलेली लेक असेल. रोज डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन गोठ्यात शिरणारी बाई तर घरोघर आहे. त्या भाऱ्यामुळे तिला पायाखालची पायरी दिसत नाही. ती अंदाजाने पाय टाकते. आणि म्हैस तर आहेच. म्हशीच्या मापाने केलेला उतार माणसाच्या खुर्चीला चालत नाही. पण खुर्चीच्या मापाने केलेला उतार म्हशीला, गाडीला, आजीला, सगळ्यांना चालतो. म्हणून माप धरायचे ते सर्वांत अडलेल्याचे.

म्हणजे पायऱ्या नकोतच का? हव्यात. ज्याचे पाय चांगले आहेत त्याला तीस फूट फिरून जायला लावले तर तो भिंतीवरून उडी मारील. शिवाय गुडघ्याचे किंवा काठीचे काही माणूस असे असते की त्याला लांब उतारापेक्षा लहान पायरी बरी वाटते. तेव्हा उतार आणि पायऱ्या दोन्ही करा. पायरीची उंची सहा इंच आणि पाय टेकायची रुंदी बारा इंच ठेवा. अडीच फुटांना अशा पाच उंच्या होतात. सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या हव्यात, कारण पहिल्या पायरीवर पाय जे माप घेतो त्याच मापाने तो पुढे पडत जातो. शेवटची पायरी इंचभर जरी उंच झाली तरी माणूस तिथेच अडखळतो. जुन्या वाड्यांत नवी फरशी घातल्यावर माणसे एकाच पायरीवर का पडतात, याचे कारण हेच.

आता माझ्यासमोर दुसरा प्रश्न आला. उतार तीस फूट, त्याच्या तोंडाशी खाली पाच फूट मोकळी सपाट जागा, वर दारापुढे पाच फूट सपाट जागा. म्हणजे सरळ रेषेत चाळीस फूट. माझे परडे तीसच फूट लांब! तेव्हा उतार मोडून घ्यावा लागला. पंधरा फूट चढायचे, तिथे पाच फूट सपाट टप्पा, त्यावर वळायचे आणि भिंतीलगत उलट्या दिशेने पंधरा फूट चढून दारापुढच्या टप्प्यावर यायचे. पायऱ्या त्या टप्प्याच्या दुसऱ्या अंगाने उतरवल्या. त्यांना चार फूट लागले. चार, पाच, पंधरा आणि पाच मिळून एकोणतीस फूट. तीस फुटांत बसले. पण त्यासाठी आधीचा उतार आणि पायऱ्या फोडाव्या लागल्या, दार सरकवावे लागले. जोत्याआधी हा हिशेब केला असता तर हा सगळा दुहेरी खर्च टळला असता.

म्हणूनच सांगतो, आधी उतार आखा, मग जोत्याची उंची ठरवा. परड्यात चुन्याची फक्की घेऊन बसा. उताराला किती लांबी मिळते ते मोजा, आणि तिच्या बाराव्या हिश्शाएवढेच जोते घ्या. जिथे पुराचे पाणी येत नाही, तिथे पावसाच्या वाहत्या पाण्यापासून वाचायला फूटभर, फार तर दीड फूट जोते पुष्कळ झाले. शेजाऱ्याने दोन फूट केले म्हणून आपण तीन फूट करायचे कारण नाही. जोत्याची उंची ही घराण्याची उंची नव्हे.

आणि जिथे पूर येतो तिथे? तिथेही मनाशी खरे बोलावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. एवढ्या पाण्यापुढे परड्यातले कोणतेही जोते टिकाव धरीत नाही. तिथे जनावर वाचते ते जोत्याने नव्हे, वेळेवर बाहेर काढल्याने. म्हणून रेडिओवर ३९ फुटांची वार्ता ऐकली की दावी सोडा आणि जनावरे उंचावर हलवा. ४३ ची वाट पाहू नका. अशा अंधाऱ्या, ओल्या रात्री म्हैस न बिचकता खाली उतरेल असा उतार दारात असणे, हाच गोठ्याचा खरा पूरबंदोबस्त आहे.

आता बांधकामाकडे येऊ. उताराची रुंदी चार फूट ठेवा. आपल्या नदीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तेव्हा तिच्यावर उतार बांधू नका. काळी माती काढून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा. दोन्ही बाजूंना दगडाच्या नाहीतर जांभ्याच्या ठेंगण्या भिंती घ्या. मधे मुरूम भरा, पण एकदम नव्हे. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. तो बसला की पुढचा थर. घाईने भरलेला मुरूम पहिल्या पावसात खाली बसतो, आणि उतार व जोते यांच्या सांध्यावर इंचभराची पायरी तयार होते. आपण ती सहज ओलांडतो. खुर्चीची पुढची लहान चाके मात्र तिथेच थांबतात. मुरमावर दगडी सोलिंग, त्यावर चार इंच कोबा, आणि कोब्यावर निदान सात दिवस ओली पोती.

कोबा घोटू नका. शहाबादी फरशीही नको. शेण आणि पाणी पडले की ती साबणासारखी होते. कोबा ओला असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढा. रेघा उथळ असाव्यात, म्हणजे खुराला आणि तळव्याला पकड मिळते आणि चाक अडकत नाही. उताराच्या दोन्ही कडांना तीन-चार इंच उंचीची दगडी कड घ्या, म्हणजे चाक बाहेर घसरणार नाही. हाताला धरायला दीड इंच जाडीची गोल नळी लावा. एक तीन फुटांवर उभ्या माणसासाठी, आणि दुसरी तिच्याखाली अर्धा फूट, खुर्चीतल्या माणसासाठी आणि पोरांसाठी. नळी भिंतीलगत असेल तर बोटे मावतील इतके, म्हणजे दोन इंच, अंतर सोडा. पायऱ्यांनाही कठडा हवाच.

दाराला उंबरा नको. खुर्चीला तीन फूट मोकळे दार पुरते, पण म्हशीची शिंगे लक्षात घेऊन चार फूट करा. दारापुढचा टप्पा बाहेरच्या अंगाला किंचित उतरता ठेवा, नाहीतर पावसाचे पाणी गोठ्यात शिरेल. गोठ्याच्या आतली जमीन गटारीकडे दहा फुटांत तीन इंच उतरती असावी. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा शक्य असेल तिथे दार आणि उतार पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या. पत्र्याचे पाणी उतारावर पडू देऊ नका. तिथे पन्हळ लावा. आणि रोज सकाळी उतार खराट्याने झाडा. वाळलेल्या शेणावर नवे पाणी पडले की चांगला उतारही घसरडा होतो.

खुर्चीवरच्या माणसाने गोठ्यात जाऊन करायचे काय, असे मला एकाने विचारले होते. त्याला मी एकच उदाहरण सांगितले, आणि ते आपल्या कोल्हापूरचेच आहे. नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली पांगळेपण आले. त्याच नसीमादीदींनी सरकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. कितीतरी अपंग मुलामुलींना या संस्थेने शिक्षणाला आणि कामाला लावले. आपल्या आत्मकथेला त्यांनी नावच ‘चाकाची खुर्ची’ असे दिले. माणूस खुर्चीत बसला म्हणून त्याचे हात आणि बुद्धी संपत नाही, हे या शहराने डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला अडवतात त्या पुष्कळदा आपणच बांधलेल्या पायऱ्या.

गुरुजनहो, आता थोडे तुमच्याशी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेची इमारत सर्व मुलांना अडथळ्याविना येण्याजोगी असावी असे सांगितले आहे. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या शाळांतही उतार झाले, ज्याला आपण रॅम्प म्हणतो. त्यांपैकी कितीतरी उभे आहेत. मुले त्यांवर घसरगुंडी खेळतात. एका शनिवारी वर्गाला बाहेर काढा. एका मुलाला व्हरांड्याची उंची मोजू द्या आणि दुसऱ्याला उताराची लांबी. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी समपातळी कशी काढतो तेही दाखवा. मग लांबीला उंचीने भागायला सांगा. उत्तर बारा किंवा अधिक आले तर उतार चांगला. सहा-सात आले तर फळ्यावर तसे लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. गुणोत्तर, कोन आणि उतरणीवरचे बल हे तीन धडे एका तासात होतील. बारास एक या उताराचा कोन पावणेपाच अंशांच्या जवळपास येतो, तोही वरच्या वर्गाला काढू द्या. आणि चौथा धडा पुस्तकात नसलेला. एका मुलाला चाकाच्या खुर्चीत बसवा, दोघांना धरायला ठेवा, आणि त्याला स्वतःच्या हातांनी चाके फिरवून वर जायला सांगा. पुढे तो मुलगा कधी घर किंवा गोठा बांधील तेव्हा त्याला या भाषणाची गरज उरणार नाही.

आमचा नवा उतार २०२२ च्या उन्हाळ्यात झाला. पहिल्या दिवशी मी आबांची खुर्ची ढकलायला गेलो, तर ते म्हणाले, ‘हात काढ.’ उजव्या हाताने नळी धरून आणि उजव्या पायाने रेटा देत ते मधल्या टप्प्यापर्यंत गेले. तिथे दम खाल्ला. पुढचे पंधरा फूट मात्र त्यांनी मला ढकलू दिले. म्हशीने मान वळवून पाहिले आणि वैरण चघळत राहिली. जनावराला काय, माणूस कुठल्याही वाटेने आला तरी सारखाच.

त्या वर्षी पाडव्याला शिंगे आबांनी रंगवली. रंग थोडा कानावर ओघळला होता. कोणी काही बोलले नाही.

तेव्हा मंडळी, यंदा कोणी परड्यात गोठा, खोप किंवा अवजारांची शेड बांधणार असाल, तर गवंड्याला बोलावण्याआधी एक दोरी घ्या आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला परड्यात आणून बसवा. त्याला विचारा, ‘आबा, आजी, तुम्हाला कुठून जाता येईल?’ ते हात करतील तिथून दोरी धरा आणि एका इंचाला एक फूट या मापाने उतार आखा. जोते आणि भिंती त्यानंतर.